भाताचा हात

वन्सं, तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि तुमच्या ॲस्टरच्या रोपांची मुळं पुठ्ठ्याच्या कोनांच्या टोकांतून बाहेर डोकवायला लागली. पांढरी, दोऱ्यासारखी बारीक. मी गॅलरीत पालथी पडून विटांवर ठेवलेल्या खोक्याखाली बघत होते. रोपं म्हणत होती आता काढा आम्हाला, आणि मला खोक्याला बोटसुद्धा लावायचं नव्हतं. घरात सुतक होतं. तेही तुमचंच.

"काय हरवलं गो सुनंदा?" आतून काकींनी विचारलं. दापोड्याच्या तुमच्या काकी, दहा दिवस राहायला आलेल्या.

"कानातलं," मी म्हटलं.

"मग मिललं का?"

"शोधतेय."

खोटं बोलले. पन्नाशी उलटलेली बाई, नणंद गेलेली, आणि मी फरशीला गाल लावून मुळं बघतेय हे कुणाला सांगू? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ऊठ, नाटकी." मी उठले असते. आता ऊठ म्हणणारं कुणी नाही म्हणून बराच वेळ तशीच पडून राहिले.

मला राग येतो तुमचा. दवाखान्यात न्यायला रिक्षा खाली येऊन उभी, तुमचा भाऊ जिन्यातून हाका मारतोय, तुम्हाला धड श्वास घेता येत नाहीये, आणि तुम्ही खोक्यापाशी बसून मला काय सांगितलंत? "पाणी सकाळचं. झारीनं, तांब्यानं नाही." मी विचारलं, "आणि लावायची कधी?" तर म्हणे, "मी येते ना. आल्यावर बघू." आलात का? दवाखान्यात मी परत विचारलं. तुम्ही नाकावरची नळी जरा बाजूला केलीत आणि म्हणालात, "दुधाची पानं पिवळी पडायला लागली की..." तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

की काय, वन्सं? पिवळी पडायला लागली की लगेच लावायची? की पिवळी पडली म्हणजे उशीर झाला, आता काही खरं नाही? बी फुटल्यावर जी पहिली दोन गुळगुळीत पानं येतात त्यांना तुम्ही दुधाची पानं म्हणायचात. ती खरी नव्हेत, दुधाच्या दातांसारखी गळायचीच, खरी पानं मागून येतात, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. एवढं सगळं सांगितलंत आणि मुद्द्याचं तेवढं राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी मला पहिलं पिवळं पान दिसलं. चहा तसाच ठेवला मी.

नुसती रोपं असती तर एवढा जीव जाळला नसता. खारबावला माझ्या भावाला फोन केला असता तर त्याने टेम्पोभर झेंडू आणून टाकला असता. पण हे बी तुमचं. मी लग्न होऊन टेमघरला आले त्याच्या आधीपासूनचं. गर्द जांभळं फूल, मधे हळदीचा ठिपका. बाजारात आता मिळतात ती फिकट, धुवून धुवून विटलेल्या साडीच्या रंगाची. ॲस्टरचं बी टिकत नाही, दर वर्षी नवं धरावं लागतं, एक हिवाळा चुकला की संपलं. म्हणून तुम्ही दर वर्षी निम्मंच पेरायचात. निम्मं त्या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून साखरेच्या डब्यामागे ठेवायचात, पहिली रोपं गेलीच तर दुसरी करता येतील म्हणून.

यंदा बाटली डब्यामागे नव्हती. मी साखर, रवा, पोहे सगळे डबे बाहेर काढले. तुमच्या कपाटात बघितलं, पर्समध्ये बघितलं, शाळेच्या जुन्या पिशवीतसुद्धा हात घातला. नाहीच. म्हणजे सगळंच्या सगळं बी तुम्ही पेरलंत. खोकं नेहमीएवढंच दिसत होतं खरं, पण त्यातले कोन मी कधी मोजले होते? माझ्या मनाने घेतलं ते घेतलंच: आता गॅलरीत आहेत ती रोपं शेवटची, आणि ती गेली की तुमचं फूल गेलं. तेही माझ्या हातून.

आणि माझा हात कसला, ते तर तुम्ही साऱ्या आळीला सांगितलेलं.

आठवतंय ना? लग्नाचं पहिलंच वर्ष. तुम्ही शाळेत शिकवायला गेला होतात. गॅलरीत हिरवीगार रोपं बघून मला वाटलं, वन्संना जरा खूश करू. आमच्या खारबावच्या खाडीकाठच्या शेतात मी लहानपणापासून भाताची आवणी, म्हणजे लावणी, केलेली. रोप म्हटलं की मला एकच ठाऊक. तेव्हा कोन नव्हते, तुम्ही लाकडी ट्रेमध्ये पेरायचात. मी मुठी भरभरून रोपं उपटली. पायावर आपटून मुळांची माती झाडली. बादलीत मुळं स्वच्छ धुतली. गॅलरीखालच्या मातीच्या पट्टीत मस्त चिखल केला, आणि तीन-तीन चार-चार काड्या एकत्र धरून अंगठ्याने खोल खोवल्या, ओळीत, माझ्या आईने बघितलं असतं तर शाबासकी दिली असती अशा. वर बांध घालून पाणी भरून ठेवलं.

तुम्ही खांद्यावर पर्स तशीच घेऊन पट्टीपाशी उभ्या राहिलात.

"सुनंदे, हे काय केलंस?"

"आवणी," मी म्हटलं. एवढ्या ऐटीत म्हटलं, की तुम्ही पायरीवर बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. पदर तोंडात कोंबून हसलात. मला कळेना यात हसायचं काय. तिसऱ्या दिवशी सगळी कुजून आडवी झाली तेव्हा मात्र तुम्ही हसत नव्हतात. तुमच्या मैत्रिणीकडे एका पुडीत चिमूटभर बी उरलं होतं, ते मागून आणलंत म्हणून ते फूल वाचलं. बाटलीची पद्धत तेव्हापासूनची. म्हणजे ती बाटली खरं तर माझ्यासाठीच होती, माझ्यापासून वाचवायला.

तेव्हापासून तुमचं पालुपद एकच. "तू नको. तुझा हात भाताचा." पाहुणे आले की, "आमच्या सुनंदाला विचारा, ॲस्टरला किती पाणी लागतं? गुडघाभर!" मी हसायचे. आतून चिडायचे. पोळ्या माझ्या हाताच्या चालतात, इंजेक्शन द्यायला सिस्टर नसली की माझा हात चालतो, आणि एक टिचभर रोप या कोनातून त्या ड्रममध्ये ठेवायला माझा हात भाताचा! इतकी वर्षं मी तुमच्या मागे उभी राहून झारी धरली. तीही तुम्ही सांगाल तेवढीच वाकडी करायची.

बरं, ही एक बंदी. दुसरी त्या चार दिवसांची. चौथीच्या पोरांना फळ्यावर बी रुजण्याची चित्रं काढून शिकवणारी बाई घरी येऊन मला म्हणायची, "आज रोपांजवळ जाऊ नकोस, तुझे दिवस आहेत." मी म्हणायचे, "वन्सं, रोपाला काय कॅलेंडर दिसतं?" तुम्ही म्हणायचात, "शाळेतलं वेगळं. झाडाला कळतं." किती भांडलो आपण यावरून. एकदा तर मी आठवडाभर बोलले नव्हते. शेवटी माझे दिवसच बंद झाले, वाद तसाच राहिला. आता सांगून टाकते. जिन्याजवळच्या निळ्या ड्रममधलं ते रोप, ज्याची फुलं तुम्ही पोस्टमनलासुद्धा दाखवत होतात, ते मांजराने पाडलं होतं. मी उचलून परत लावलं होतं, आणि बरोबर त्या दिवसांतच. कळलं का काही झाडाला? तुम्हाला हे तोंडावर सांगायचं मी फार वर्षं जपून ठेवलं होतं. चांगल्या भांडणात वापरणार होते.

आणि आता हे सुतक. मी काकींना विचारलं, सहज विचारल्यासारखं, "काकी, रोपं लावायला आलीत. लावू का?"

"ह्या! सुतकात झाडाला हात लावायचा न्हाय गो. करपतं झाड."

"पाणी तरी घालू ना?"

"पानी घाल. पानी देवाचं हाय. हात नको."

तुम्हाला सांगते, मला काकींचा राग नाही आला, तुमचा आला. कारण काकींनी जे सांगितलं ते तुमचंच बोलणं. तुमच्याच नियमाने तुमची रोपं मारू का मी? आणि नियम मोडून लावली आणि मेली, तर म्हणणार कोण? सगळेच. बघा, सुतकात हात लावला. बघा, भाताचा हात. तुमचा भाऊही मनातून म्हणेल. तो तर तुम्ही गेल्यापासून बोलतच नाही, नुसता पंच्याचं टोक पिळत बसतो.

हात लावायचा नाही, पाणी घालायचं. मग मी काय करणार? पाणी घालत बसले. सकाळी घातलं. दुपारी पानं मान टाकलेली दिसली, परत घातलं. संध्याकाळी दिवा लावून आले आणि परत. झारी कशाला, हाताला येईल त्याने. काहीतरी करतेय एवढंच वाटायचं त्यात.

तुम्ही गेलात त्या दिवसाचं एक सांगते. ही रोपं कधी स्थिर नसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीपलीकडे कापडाचे लूम, सकाळची शिफ्ट सुरू झाली की आपली फरशी, भांडी, मांडणीवरचे पेले सगळं बारीक थरथरतं आणि त्याबरोबर रोपंही. त्या लूममधलेच सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन तुम्ही मागून आणायचात, टोक खाली करून त्यात माती भरायचात. वीज गेली आणि लूम थांबले की तुम्ही उठून रोपांच्या शेंड्यांवरून तळवा फिरवायचात, इकडून तिकडे. "यांची कसरत बंद पडली," म्हणायचात. "हलली नाहीत तर लुकडी होतील." मी म्हणायचे, "मग मला हलायलाच सांगू नका, तेवढीच लुकडी होईन!" तर तुम्हाला घरी आणलं तेव्हा लूमवाल्याने आपणहून मशिनं बंद केली. तुम्हाला नेईपर्यंत बंदच होती. घरात इतकी माणसं, पण ती शांतता मला गॅलरीत ऐकू आली. रोपं एकदम सरळ उभी होती, एक पान हलत नव्हतं. मला वाटलं जाऊन हात फिरवावा. बायकांनी मला धरून बसवलं होतं. नाही गेले. ते डोक्यात राहिलंय.

मग मला सासऱ्यांचं सुतक आठवलं. तेव्हाही रोपं अशीच अडकली होती. तेव्हा तुम्ही काय केलंत? समोरच्या शमीमभाभीला बोलावलंत. ती आपल्या घरची नाही, तिला कसलं सुतक? तुम्ही पायरीवर उभ्या राहून बोट दाखवत होतात, आणि ती बिचारी रोपं लावत होती. नियमही राहिला, रोपंही राहिली. मोठ्या हुशार तुम्ही. मला हे आठवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तशीच खाली गेले, तिच्या दारात उभी राहिले.

"भाभी, मदत पाहिजे. टीचरचे रोपे लगाने हैं. तुम लगा दो ना, पहले लगाए थे वैसे."

ती गहू निवडत होती. वर बघितलं, परत ताटात बघितलं.

"मेरे से नहीं होगा, सुनंदा. घुटने बहुत दुखते हैं."

"मी कोन काढून देते, तुम्ही फक्त..." मी थांबले. काढून तरी कसे देणार? हात लावायचा नाही ना. "घुटने? कल तो छत पे गादी सुखा रही थी तुम."

"कल से ही दुख रहे हैं," ती म्हणाली. माझ्याकडे बघेचना. "दो-चार दिन रुक जा. या फिर... तू देख ले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांचा शेजार, तुमच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्लेल्या, तुम्हाला नेताना जिन्यात ओक्साबोक्शी रडलेली बाई, आणि रोपं लावायला गुडघे! मी तरातरा घरी आले. येऊन परत पालथी पडले. मुळं आणखी लांब झाली होती, एकमेकांत शिरायला लागली होती. पिवळी पानंही वाढली होती. सुतक फिटायला अजून दिवस होते, आणि ऑक्टोबरचं ऊन काय तापलं होतं म्हणून सांगू.

त्या दुपारी मला झोप नाही. तुम्ही होतात तेव्हा मला कधी असा निर्णय घ्यायलाच लागला नाही हो. मला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी लागत होती तेव्हा घरात सगळ्यांनी नाही म्हटलं. गोडाऊनच्या रस्त्याला, ट्रकवाल्यांत बाईमाणूस? मी स्वतः नाही म्हणायच्या बेतात होते. तुम्ही वरण ढवळता ढवळता म्हणालात, "जाऊ दे तिला. डबा मी करीन." बस. वाद संपला. आणि खरंच केलात, शाळा सांभाळून, मी ड्युटीवर जायच्या आधी भरून तयार. भाजीत मीठ कमी असायचं, ते मी कधी बोलले नाही, आभारही कधी मानले नाहीत. कसे मानतात नणंदेचे आभार? तुम्ही म्हणाला असतात, "नाटकी." पण त्या डब्यावर मी उभी राहिले, वन्सं. आज फोनवर चार-चार ड्रायव्हरांना झापते ती त्या डब्यावर.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी भेटायला बायका आल्या होत्या. काकी त्यांच्यात बसल्या होत्या. मी गॅलरीत गेले, बघते तर काय, एक रोप कोनात आडवं झालेलं. देठ अजून हिरवा होता. माझ्या तोंडातून शब्दच बाहेर पडले, "गेलं खड्ड्यात तुमचं सुतक!" आतल्या बायकांनी ऐकलं की नाही देवाला माहीत.

खोकं उचलून जिन्याने खाली पट्टीत नेलं. एक कोन हातात घेतला. तुम्ही काय करायचात ते मी इतकी वर्षं मागून बघितलं होतं, तेवढंच भांडवल. ब्लेडने पुठ्ठा उभा चिरायचा, तळव्यावर आडवा धरायचा, आणि माती बघायची. भुसभुशीत सांडली तर घाई झाली. मुळं गोल गोल फिरून गच्च झाली असतील तर उशीर झाला. मी पुठ्ठा बाजूला केला. माती अख्खी राहिली. मुळं तिच्यावरून नुकतीच वळायला लागली होती, पण मोकळी होती. वेळ होती! अजून वेळ गेली नव्हती, वन्सं! मी मोठ्यांदा रडायला लागले, त्या एवढ्याशा मातीच्या गोळ्याला हातात धरून.

मग लावत गेले. मुळं धुतली नाहीत. पायावर आपटली नाहीत. एका खड्ड्यात एकच. देठ खोल खोवायला अंगठा शिवशिवत होता, आवरला. दुधाची पानं मातीच्या वर राहतील एवढंच. पट्टी भरली, मग ड्रम, मग रंगाचे रिकामे डबे. अंधार पडायच्या आत झालं. मधे एकदा वर बघितलं तर शमीमभाभी तिच्या खिडकीत. माझी तिची नजरानजर झाली आणि तिने पडदा ओढून घेतला. बघ, म्हटलं, आता बघतेय! गुडघे दुखतात आणि खिडकीत उभं राहता येतं.

वर आले तर काकी दारात. माझ्या नखांतल्या मातीकडे त्यांनी बघितलं. मी वाट बघत उभी राहिले, आता भडका उडणार.

"हात धू," त्या म्हणाल्या. "उद्या दहावा हाय. माती घेऊन घरान फिरू नको."

दहाव्याला पुरुष मंडळी नदीवर गेली. मी घरी जीव मुठीत धरून बसले. पिंडाला कावळा शिवला नाही तर? मग म्हणणार, तिचं काहीतरी राहिलंय, कुणीतरी काहीतरी केलंय. आणि ते काहीतरी पट्टीत ओळीने लावलेलं. तुमचा भाऊ परत आला, मुंडण केलेलं डोकं उन्हाने लाल झालेलं, आणि म्हणाला, "ठेवल्या ठेवल्या बसला." इतक्या दिवसांत त्याचं ते पहिलं सरळ वाक्य. काकी म्हणाल्या, "काय राहिलं न्हवतं तिचं मागं." मी मनात म्हटलं, काकी, काल संध्याकाळपर्यंत राहिलं होतं.

पण माझा घोर कुठे संपला होता? दुपारी खाली गेले. सगळीच्या सगळी रोपं माना टाकून पडलेली. पानं मऊ पडून मातीला चिकटलेली. ऊन पट्टीवर सरळ येत होतं. मी धावत जाऊन गोणपाट आणलं, दोरीवर टाकून सावली केली. मग तांब्या भरून आणला. मला काही सुचत नव्हतं. एवढंच डोक्यात होतं की यांना पाणी पाहिजे, भरपूर पाणी पाहिजे, आत्ता पाहिजे.

"सुनंदा."

शमीमभाभी कुंपणापाशी उभी. माझ्या तोंडाला शिव्याच आल्या होत्या. तिने ओढणीच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

तुमची होमिओपॅथीची बाटली. निम्मी भरलेली.

"टीचर ने दिया था," ती म्हणाली. "हॉस्पिटल जाने से पहले. सुबह-सुबह आई थी, साँस भी नहीं ले पा रही थी ठीक से. बोली, मैं नहीं आई तो सुनंदा को देना. लेकिन रोपे लगा लेगी उसके बाद. पहले मत देना."

"पहले क्यों नहीं?" मी विचारलं.

"बोली, बॉटल हाथ में होगी तो वो रोपे को हाथ नहीं लगाएगी. डर के बैठी रहेगी. सुतक भी बोलेंगे लोग, तेरे पास आएगी, तू मना कर देना." तिचे डोळे भरून आले होते. "मेरे घुटने ठीक हैं, सुनंदा. तीन रात नहीं सोई मैं. तू लेट के रोपे देखती थी, मैं खिड़की से तुझे देखती थी. कल नहीं लगाती ना तू, तो मैं कसम तोड़ के दे देती."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. "आल्यावर बघू" म्हणालात ते मला ऐकवायला. आणि तुमचाच नियम तुम्ही माझ्या हातून मोडवलात, तोही स्वतःच्या सुतकात! तो वाद तसाच राहिला असं मी इतके दिवस धरून बसले होते, आणि तुम्ही तो हरून गेला होतात, मला न सांगता. अहो, काय बाई आहात तुम्ही! एवढा जीव टांगणीला लावलात माझा! समोर असतात तर त्या पट्टीत उभी राहून अशी भांडले असते, अशी भांडले असते. मी तिथेच पायरीवर बसले, जिथे तुम्ही तेव्हा हसत बसला होतात, आणि बाटली गालाला लावून रडले. शमीमभाभी कुंपणाच्या पलीकडून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

थोड्या वेळाने मी विचारलं, "और क्या बोली?"

"और कुछ नहीं." मग तिला आठवलं. ओढणीने नाक पुसून ती माझ्या हाताकडे बघायला लागली. "हाँ. बोली, लगा तो लेगी ठीक से. पर पानी बहुत डालेगी. रोकना उसको."

तांब्या काठोकाठ भरलेला होता. मी तो खाली ठेवला.